कॅम्पातल्या खाटा

२००८च्या मंदीत आमचा बिल्डर पळाला आणि माझ्या कामाच्या पैशांऐवजी शारजाच्या लेबर कॅम्पमधल्या दुमजली लोखंडी खाटा माझ्या गळ्यात पडल्या. तो राग अजून गेलेला नाही. त्या विकायला बसलो असताना एक डच म्हातारा आला. त्याला आपल्या नर्सरीतल्या माळ्यांसाठी खाटा हव्या होत्या.

"कॅम्पच्या आहेत सर, मजबूत. एकीचे साठ दिरहम."

वरच्या खाटेच्या गजावरून तो अंगठा फिरवत राहिला. "माझी आत्या अशाच खाटेवर झोपायची. युद्धाआधी जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंना आसरा म्हणून डच सरकारने कॅम्प बांधला होता, त्यात."

हा भाव पाडायचा डाव, असं मला वाटलं. "पन्नास."

"मग जर्मनांनी आमचा देश घेतला. कॅम्प तोच, खाटा त्याच. पण तिथून गाड्या भरभरून माणसं मारायला पाठवू लागले."

"चाळीस! यल्ला, चला, सौदा खलास करा."

"भाव पहिलाच ठीक होता, मित्रा," तो म्हणाला आणि हात खिशात घालून निघून गेला.

खाटा पुढे रोल्ला भागातल्या भंगारवाल्याने नेल्या. म्हाताऱ्याला मी तीन भाव सांगितले. आत्याचं काय झालं, एवढं विचारायचं राहून गेलं.