नर्सबाईंनी तोडलेलं जोडवं

नर्सबाई पेशंटच्या तोंडाकडे आधी पाहतच नसत. मुकुटबनजवळच्या आमच्या लहानशा दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली आणि कोणी "पान लागलं" म्हटलं, म्हणजे साप चावला, की त्या सरळ वाकून पाय धरत. "पाय दाखव आधी. बाकी मंग सांग." दातांच्या खुणा, सूज, मग हिरड्यांतलं रक्त, जड झालेल्या पापण्या. एवढं पाहून होईस्तोवर नातेवाइकांचं रडगाणं अर्धंही झालेलं नसे.

मी तिथं कंपाउंडर होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही पार थकून जायचो. सापाच्या विषावरची लस कधी असे, कधी नसे. कोणी ब्लेडनं पाय चिरून आणी, कोणी दोरीनं काळानिळा आवळून. बाईंमध्ये चिडायचंही त्राण उरत नसे. "काहून चिरता बाप्पा? रक्त थांबत नाही मंग. चालवू नका, हलवू नका, घेऊन या. अन् जोडे घालून शेतात जात जा." लोक माना डोलवत. पुढच्या गाडीतला पाय अनवाणी आणि चिरलेलाच असे.

एकदा सरस्वतीला आणलं. पायाच्या बोटाला परड, म्हणजे घोणस, चावलेली. बोट फुगून जोडवं मांसात रुतलं होतं. बाई जोडवं तोडायला निघाल्या, तशी सासू आडवी आली.

"माहा पोरगा जिता हाये बाई. त्याले इचारल्याबिगर नाही."

पोरगा दिग्रसला कापसाच्या जिनात कामाला. इकडे बोट काळं पडत चाललेलं. बाईंना नवऱ्यानं टाकलं होतं, तरी त्या स्वतः जोडवी घालत. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. "त्यानं इचारलं तं माहं नाव सांगा," म्हणाल्या आणि पक्कड हातात घेतली. त्या दिवशी नशिबानं लसही होती.

सरस्वती वाचली, पायही वाचला. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा तापानं गेला, आणि गावानं बोल लावला तो नर्सबाईंना. बाया त्यांना पाहून पाय लुगड्याखाली ओढू लागल्या. दुखणं अंगावर काढत, पण दवाखान्यात येत नसत. हे मात्र बाईंना सोसलं नाही. "थकली मी आता," म्हणाल्या आणि बदली मागून घेतली.

त्यांना पोचवायला एसटीच्या थांब्यावर मी एकटाच होतो. तेवढ्यात लेकराला कडेवर घेऊन सरस्वती आली. बाईंनी मान खाली घातली.

"तुमी कायले मान खाली घालता?" सरस्वती म्हणाली. "त्याचे दिवस भरलते, तो गेला. मीबी गेली असती तं या लेकरानं कोणाकडे पायलं असतं?"

"हे गावात सांग ना माय."

"माह्यावालं कोण आयकते आता, बाई?"

गाडी आली. बाई चढल्या, आणि पुन्हा कधी आमच्या भागात आल्या नाहीत.