चुलत्याविरुद्धची साक्ष

समन्स घेऊन पोलीस आला तेव्हा मी मिरजेत, आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत होते. सही करण्याआधी मी तो कागद दोनदा वाचला. तो म्हणाला, "सिस्टर, घाबरायचं काय त्यात? तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही." आरोपी माझे चुलते आणि त्यांचा मुलगा होते. माझं माहेरचं आडनावही तेच आहे, हे त्याला माहीत नसावं.

घटना तीन वर्षांपूर्वीची. माझं माहेर रहिमतपूर आणि कोरेगावच्या मधल्या एका गावात. दिवाळीला गेले होते. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात वडिलांनी खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढपाळ नवरा-बायको पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले, दरवर्षी येणारे. सकाळी मी त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन गेले. बांधापाशी पोचते तोवर ओरडा ऐकू आला. पाच-सहा मेंढरं शेजारच्या रानात, काकांच्या उसाच्या कोवळ्या लावणीत शिरली होती.

काका मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेले. गावात त्यांच्यापुढे कुणी खुर्चीवर बसून राहत नसे. माझ्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून त्यांनीच पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. मेंढपाळ त्यांच्यापुढे हात जोडून म्हणत होता, "चुकलं मालक, हाकलतो, आत्ता हाकलतो."

काकांनी खोऱ्याचा दांडा उचलला. पहिला घाव डोक्यावर येत होता, तो त्याने हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. मी "काका!" म्हणून ओरडले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं, आणि मग त्याच्या पाठीवर पुन्हा मारलं. त्यांचा मुलगा मागून त्यांच्या कमरेला धरून ओढत होता. "आबा, सोडा. मरंल त्यो."

दोन काटक्या आणि माझी ओढणी घेऊन मी मेंढपाळाचा हात बांधला, टेम्पोत बसवून त्याला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?" तो म्हणाला, "पडलो." बायकोनंही खाली बघत मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणी मी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"पडला नाही," मी म्हणाले. "मारलंय. मी पाहिलंय."

नर्स म्हणून तोंडातून निघून गेलं. जखमेचं कारण खोटं लिहायचं नसतं, एवढीच सवय. मग पोलिसांनी त्याची फिर्याद घेतली आणि माझा जबाब.

महिन्याभरात वडिलांच्या रानाचं पाणी बंद झालं. पाइपलाइन काकांशी सामाईक होती, व्हॉल्व्ह त्यांच्या विहिरीवर. आई फोनवर रडायची. "आगं, आपलंच माणूस हाय. तू मिरजंला ऱ्हातीस, आमाला हितं ऱ्हायाचं हाय." काकांच्या मुलाचेही फोन येऊ लागले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, राखीला माझ्याकडे यायचा. "ताई, कोर्टात तुला आठवत न्हाई एवढंच म्हण. बास." एकदा म्हणाला, "तुझी पोरगी सायकलवरनं शाळंत जाती न्हवं? रस्त्याला गाड्या लय असत्यात." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मुलीची सायकल बंद झाली. नवरा तिला सोडायला जाऊ लागला. तो मला म्हणाला, "खोटं बोल असं मी सांगणार नाही. पण खरं बोल असंही सांगायची माझी हिंमत नाही." दवाखान्यासमोर कुणी मोटरसायकल लावून उभं राहिलं की मी खिडकीतून नंबरप्लेट वाचायची. सातारची गाडी दिसली की ती जाईपर्यंत मी खिडकी सोडायची नाही. बहुतेक वेळा तो एखाद्या पेशंटचा नातेवाईकच असायचा.

साक्षीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने कोरेगावला गेले. स्टेशनवर वडील उभे होते. मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "काय सांगायचं ते सांग. मी मागं बसतो."

कोर्टात काका पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत पुढच्या बाकावर बसले होते. येणारेजाणारे त्यांना नमस्कार करत होते. मेंढपाळ दाराबाहेर भिंतीला टेकून उकिडवा. त्याचा उजवा हात कोपराखाली वाकडाच जुळला होता. मला वाटलं, निकाल लागलेलाच आहे, आपण कशाला आलो?

न्यायाधीश बाई आल्या. माझ्याहून लहानच असतील. कागद चाळता चाळता त्यांनी वर पाहिलं. "आरोपी कुठं आहेत?" काका बसल्या जागेवरून हात वर करून हसले. बाई म्हणाल्या, "आरोपींनी आरोपींच्या जागेवर उभं राहावं." आवाज चढवला नाही. काका उठले. त्यांना कुणाच्या सांगण्यावरून उठताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटली. आता हे याचा वचपा माझ्यावर काढणार.

शपथ घेताना माझा आवाज फुटेना. बाईंनी पाणी द्यायला सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला कुणाची भीती वाटते का?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "होय." बाईंनी ते टाइप करून घेतलं. "इथं फक्त माझ्याकडे बघून बोला. जे स्वतः पाहिलं तेवढंच. कमी नाही, जास्त नाही."

काकांनी कसं मारलं ते मी सांगितलं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "आणि आरोपी नंबर दोनने?"

फिर्यादीत मेंढपाळाने दोघांनी मारलं असं सांगितलं होतं. पाठीवर घाव बसत असताना कोण मारतंय हे त्याला कसं दिसणार? पिंजऱ्यात उभी राहून मी त्या मुलाकडे पाहिलं. मला त्याचा फोन आठवला. 'होय' म्हणणं इतकं सोपं होतं. माझ्या मुलीचं नाव न घेता त्याने मला वर्षभर झोपू दिलं नव्हतं, आणि माझ्या एका शब्दावर त्यालाही आत टाकता आलं असतं. तोवर मला फक्त त्या लोकांचं भय होतं. आता स्वतःचंही वाटलं.

"त्याने मारलं नाही," मी म्हणाले. "तो वडिलांना मागं ओढत होता."

सरकारी वकिलांनी कपाळाला आठी घातली. काकांच्या वकिलांनी तासभर मला उलटसुलट विचारलं. बांध किती अंतरावर, ऊन कुठल्या बाजूला, वडिलांशी जमिनीचा वाद आहे की नाही. सुटले तेव्हा ब्लाऊज घामाने भिजला होता. बाहेर मेंढपाळाच्या बायकोने मला गाठलं. "आवं बाई, पोरगंबी मारत हुतं की वो. तुमी आसं का सांगितलं?"

"मला नाही दिसलं."

"घरचंच ना शेवटी," ती म्हणाली आणि निघून गेली. मेंढपाळ थांबला. डाव्या हातानेच त्याने मला नमस्कार केला.

निकाल दीड महिन्याने लागला. काकांना एक वर्षाची शिक्षा, मुलगा निर्दोष. काकांनी साताऱ्याला अपील केलं आहे आणि ते जामिनावर घरी आहेत. वडिलांनी कर्ज काढून वेगळी बोअर मारली.

गेल्या महिन्यात दुपारी काकांचा मुलगा दवाखान्यात आला. मी ट्रे घेऊन कॉरिडॉरमध्ये होते, तो समोर उभा. "ताई, माझ्याबद्दल खरं बोललीस," तो म्हणाला. "पण आबांना तू जेल दाखवलीस. त्ये मी इसरणार न्हाई." आणि गेला.

संध्याकाळी मी पोलीस ठाण्यात अर्ज लिहायला बसले. 'जिवे मारण्याची धमकी दिली' असं लिहिणार होते. पण तो तसं बोलला नव्हता. म्हणून जे बोलला तेच लिहिलं, त्याच्याच शब्दांत. ठाणे अंमलदार वाचून म्हणाले, "यात धमकी कुठं आहे?" मी म्हणाले, "मला माहीत नाही. पण मला भीती वाटते, हे नोंदवून ठेवा." त्यांनी शिक्का मारून पोच दिली. घरी आले, मुलगी गृहपाठ करत बसली होती. दाराला आतून कडी लावली आणि स्वयंपाकाला लागले.