चुलीची डिग्री, बाहेरची डिग्री

लेओंतीन पेल्तिये आमच्या गावात कोणाची बायको नव्हती की कोणाची आई नव्हती, पण नोव्हेंबर उतरू लागला की गावभरची पोरं तिच्या स्वयंपाकघरात जमत. संत कातरीनच्या दिवशी काकवीचा पाक हातांनी ओढून-दुमडून टॉफी करायची ही आमची रीत. पंचविशी उलटूनही लग्न न झालेल्या मुलींचा हा सण. तरुणपणी कोणी चिडवलं तर लेओंतीन म्हणायची, "सण माझा आहे, तेव्हा कढईही माझीच चढणार."

आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मी लग्न करून गाव सोडलं आणि विधवा होऊन परतले. ती त्याच कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली आणि थकेपर्यंत तिथेच राहिली.

टॉफीचा पाक ती थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनी पारखायची. पण अलीकडे मधुमेहाने तिची बोटं बधिर झाली. "जन्मभर साखर शिजवली, आता तिने सूड घेतला," असं म्हणून ती हसायची. मागच्या वर्षी पाक जळला, तेव्हा मात्र ती हसली नाही. यंदाही जळला तर तांब्याची कढई चर्चला देऊन टाकीन, असं तिने मला सांगितलं होतं. मनापासून सांगत होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

यंदा मदतीला माझ्याबरोबर तिच्या भाच्याची बायको माएल होती. ही समुद्रापलीकडच्या ब्रिटनी प्रांतातली, आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. पाकात बुडवायचा थर्मामीटर तिनेच माहेरहून आणला होता.

"दोनशे साठला उतरव," लेओंतीन म्हणाली, "आणि मला आकडे वाचून दाखवत राहा."

"एकशे दहा, आत्या." मग बऱ्याच वेळाने, "एकशे वीस."

"अजून निम्म्यावरही नाही? आच वाढव."

माएलने आच वाढवली. बाहेर पोरं बुटांवरचं बर्फ झटकत होती. लेओंतीन मान कलती करून कढईकडे कान देऊन बसली होती. बुडबुडे आता जड, संथ फुटत होते.

"आवाज तयार पाकाचा आहे," ती हळूच म्हणाली. "पण आकडा नाही म्हणतोय. आता माझे कानही गेले म्हणायचे."

"एकशे पंचवीस."

"पोरी, ही डिग्री चुलीची आहे की बाहेरची?"

"डिग्री म्हणजे डिग्री, आत्या. बाहेरची कसली?"

मी हातातली लोण्याची ताटली खाली ठेवली. आमच्याकडे खिडकीबाहेरची थंडी सेल्सियसमध्ये मोजतात आणि चुलीची आच फॅरनहाइटमध्ये. इतक्या वर्षांत कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. माएलच्या माहेरी दोन्हीला एकच माप, सेल्सियस.

"आच बंद कर," मी म्हटलं. "एकशे पंचवीसची दुप्पट अडीचशे. त्यातून दहावा हिस्सा काढ, दोनशे पंचवीस. त्यात बत्तीस मिळव."

"दोनशे सत्तावन्न," माएल म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी दोनशे साठची वाट पाहत बसले असते तर..."

"तर आपण कोळसा ओढला असता," लेओंतीन म्हणाली. "बंद नको करू गं, नुसती मंद कर. अजून थोडं हवं."

थर्मामीटरवर एकशे सत्तावीस दिसताच माएलने कढई उतरवली आणि पाक लोणी लावलेल्या परातीत ओतला. लेओंतीनने वाकून त्याचा वास घेतला आणि ती मागे टेकली. मीही मागे टेकून बसले.

पाक हाताला सोसेल इतका निवल्यावर पोरं आत आली. बधिर बोटांनी ओढता येत नाही, म्हणून लेओंतीनने लोण्याचे हात माएलच्या मनगटांवर ठेवले. "ओढ, दुमड, परत ओढ. लाजतेस काय? लग्न झालेल्यांनाही चालतं."

काळपट गोळा हळूहळू सोनेरी होत गेला. पुढल्या वर्षी कढईला कल्हई करून घ्यायला हवी, असं लेओंतीन माएलला सांगत होती.