अर्धा खोपा

नातवाने सुगरण पक्ष्याचा पडलेला खोपा आणून टेबलावर ठेवला. वाळलेल्या भातपातीचा, मातीचा वास आला.

"आजी, हा अर्धाच का?"

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. म्हसळ्याजवळच्या आमच्या विहिरीवर असेच खोपे लोंबत होते आणि पाणी शेंदताना मी काकांना हेच विचारलं होतं.

"नर पाती फाडून अर्धा विणतो. मग मादी येऊन बघते. तिला पटला न्हाय, तर तो तसाच सोडतो."

तेवढ्यात बाबा आले. "तुझ्यासाठी घर बघून आलो. कौलारू हाय. होकार दिला."

मी घागर डोक्यावर घेतली. दुसरं काही केल्याचं आठवत नाही. त्या घरात आता साठ वर्षं झाली.

नातू उत्तराची वाट बघत होता.

"तिला पटला नसेल," मी म्हटलं आणि टेबलावरची माती पुसली.