फ्रेंच बटा आणि अकोटचा नवस

ही गोष्ट माझ्या धाकट्या नातवाच्या केसांची आहे, म्हणून त्यालाच उद्देशून लिहिते. त्याच्या ताईने त्याला वाचून दाखवावी.

तू सातव्या महिन्यात जन्मलास आणि तुला काचेच्या पेटीत ठेवलं. तुम्ही तिकडे परदेशात, मी इथे अमरावतीत. तुझ्या बाबाचा फोन ठेवला आणि मी माहेरच्या देवीला बोलून गेले, ‘पोर वाचलं तर त्याचं जावळ तुझ्या दारात काढीन. तोवर कात्री लावू देणार नाही.’ देऊळ अकोटच्या पुढे. जन्मभर इंग्रजी शिकवताना मी नवसांना हसत आले होते, त्यामुळे हे कुणाला सांगायची लाज वाटली.

तू वाचलास. इकडे येणं लांबत गेलं आणि केस वाढत गेले. एकदा तुझी आई फोनवर म्हणाली, “अहो आई, याचे केस कापून टाकते आता. डोळ्यांत जातात.”

“थांब,” मी घाईने म्हणाले. “जुन्या फ्रान्समध्ये चांगल्या घरचे मुलगे लहानपणी असेच केस ठेवत.”

हे खोटं नव्हतं. पोशाखांच्या इतिहासाचं एक पुस्तक माझ्याकडे आहे. त्यातलं एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र मी तिला पाठवलं. झगा, खांद्यावर कुरळ्या बटा, कानावर साटीनचा बो. बघणाऱ्याला मुलगी वाटावी, पण तो मुलगा. मुलाचा भांग बाजूला पाडत, मुलीचा मधोमध, असं मी समजावून दिलं. ओल्या बटा कागदाच्या पट्ट्यांवर गुंडाळून झोपवायचं, हेही शिकवलं. इथल्या राजापेठेतून निळी रिबीन घेऊन कुरिअर केली. तुझ्या आईला गंमत वाटली. तुला तर एवढं आवडलं, की शाळेतली मुलं चिडवायला लागली तेव्हा तू त्यांना सांगायचास, “मी जुन्या फ्रान्सचा आहे.” ते ऐकून फोनवर सगळे हसले. मला हसता आलं नाही.

या हिवाळ्यात तुम्ही आलात. शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, “काहून बाई, नातवाचं जावळ नाई काढलं अजून? नवस हाय काय?”

तुझी आई पुण्याची, पण एवढी वऱ्हाडी तिला कळते. तिने माझ्याकडे बघितलं. काकू गेल्यावर म्हणाली, “अहो आई, फ्रेंचमध्ये नवसाला काय म्हणतात?”

मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “केस त्याचे आहेत,” ती म्हणाली. “तुम्हीच विचारा त्याला.”

विचारलं. तू आधी चित्राची चौकशी केलीस.

“मग तो मुलगा खोटा होता?”

“नाही रे, तो खरा होता. मीच त्याच्याआड लपले होते.”

तू दोन्ही हातांनी डोकं झाकलंस. “मी नाही कापणार. देवीला तू सांगितलंस ना? मग तुझे केस दे.”

ताई खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. देवळाबाहेरच्या न्हाव्याने माझ्यामागे कुठे लेकरू दिसतं का पाहिलं. “जावळ कोनाचं हाय, बाई?”

“माझं.”

“लई उशीर केला,” तो म्हणाला. मी अंबाड्याचे आकडे काढले तेव्हा त्याचं हसू गेलं. “शेंडा घेतो फक्त. पावते देवीले.”

“शेंडा नको. मानेपर्यंत घे. मी सगळं जावळ बोलले होते.”

“बोलल्या तुमी, पन कोनाचं?”

“नातवाचं,” मी म्हणाले. “त्याला न विचारता.”

त्याने कात्री उचलली आणि मानेपर्यंत केस कापले. देवीला हा बदल चालला की नाही, मला माहीत नाही. पुजाऱ्याला विचारायचं धैर्य झालं नाही.

मी घरी आल्यावर तू माझ्या उघड्या मानेवर हात फिरवलास आणि विचारलंस, “दुखलं?”

मी नाही म्हणाले. तुझा विश्वास बसला नाही, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती.