हाताला कळणारी फळं

माझी काकू शर्टांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. दिवसभर हाताखाली पांढरे नाहीतर राखाडी शर्ट. त्यामुळे घरी आली की तिला रंगांची भूक लागायची. चहा झाला की क्रोशाची सुई घेऊन खिडकीत बसायची आणि फळं विणायची. गरम भांडं धरायला स्ट्रॉबेरी, कपाखाली ठेवायला संत्र्याच्या चकत्या, पाण्याच्या बाटलीला अननसाचा अंगरखा.

स्वयंपाकघरावर मात्र राज्य आईचं. आई थोरली जाऊ, आणि शिस्तीची. "अगं, भांडं उतरवायला फडकं पुरतं. त्याला कशाला नटवायचं?" असं म्हणून ती काकूचं फळ खालच्या खणात टाकायची. काकू वाद घालायची नाही. दुसऱ्या दिवशी नवं फळ सुरू.

मग आईचे डोळे अधू झाले. दोन वर्षांत नजरेचा मधलाच भाग गेला. कडेचं तेवढं दिसायचं, समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा. "आहे ते टिकवू. गेलेलं परत येणार नाही," डॉक्टरांनी सांगितलं.

एकदा घंटी दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला आईने चहा दिला. त्यात साखरेऐवजी मीठ. बिचाऱ्याने एक घोट गिळला आणि "छान झालाय" म्हणाला. आम्ही हसलो, आईही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसून राहायची. काही विचारलं तर, "तुम्हीच बघा आता." दूध उतू गेलं तरी कुणाला ओरडायची नाही. ते आम्हाला जास्त लागायचं.

मी डब्यांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या. काही उपयोग झाला नाही. मधली अक्षरंच गायब, तर वाचणार काय?

काकूने डब्यांच्या झाकणांची मापं घेतली आणि जाड सुती दोऱ्याने टोप्या विणायला बसली. सफरचंद झालं, संत्रं झालं. मग तिने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि दोन्ही चाचपून पाहिली. तशीच बसून राहिली.

"काय झालं गं काकू?" मी विचारलं.

"दोन्ही सारखीच लागतात की! मेला रंगच काढला तर माझ्या फळात उरतं काय?"

दोन्ही उसवली. नंतरचे पंधरा दिवस ती डोळे बांधूनच विणत होती. साखरेला स्ट्रॉबेरी, अंगभर बारीक गाठींच्या बिया. चहाला द्राक्षांचा घोस. मिठाला टोकदार लिंबू. आणि तिखटाला अननस, हात लागताच बोट मागे यावं इतका खरबरीत.

एका दुपारी चारही डबे तिने आईसमोर मांडले.

"ताई, ओळखा बघू."

"मी काय लहान मूल आहे?"

"नसाल तर मग ओळखाच."

आईने नाइलाजाने हात पुढे केला. द्राक्षं लगेच ओळखली. स्ट्रॉबेरीही. अननसाला हात लागताच "अगं बाई!" म्हणून हात झटकला. चौथ्या डब्यावर मात्र थांबली. पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"हा पेरू."

"लिंबू आहे ते, ताई."

"एवढं थोराड लिंबू कुणी पाहिलंय? तुला विणता आलं नाही, आणि आंधळी मी!"

कितीतरी महिन्यांनी आईचा आवाज चढला होता. काकूने मान खाली घातली, पण हसू लपत नव्हतं. तिने तिथल्या तिथे लिंबू उसवायला घेतलं. आई तिच्याकडे कान लावून बसली. "टोक लहान कर. आणि साल गुळगुळीत हवी, टाके घट्ट घे."

संध्याकाळी नवं लिंबू पास झालं. आई उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि सगळ्यांचा चहा केला. आम्ही कुणी मदतीला उठलो नाही. काकूने डोळ्यांनीच दटावलं होतं. चहा जरा जास्तच गोड होता. आम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

पुढे डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने या टोप्यांबद्दल ऐकलं. "अजून आठ-दहा पेशंटना लागतील," म्हणाली. काकू तोवर निवृत्त झाली होती. तिने विणायचं आणि आईने तपासायचं, असं ठरलं. आई भारी कडक परीक्षक निघाली. पेअर तीनदा नापास झालं. केळं पहिल्याच फेरीत पास झालं, तर काकू दिवसभर मिरवत होती.

गेल्या आठवड्यात डाळिंबावरून दोघींची जुंपली. काकू म्हणे, बाहेरून डाळिंब कुणाला कळणार? दाणे तर आत असतात.

"मग फोडलेलं वीण," आई म्हणाली. "दाणे बाहेर येऊ देत."

काकूने दोऱ्याचं टोक शोधलं आणि डोळ्यांवर ओढणी बांधली.