रुमालाखालचा भाव

साक्रीच्या बैलबाजारात चुडामण आबांनी चाळीस वर्षं दलाली केली. तिथला सौदा तोंडानं होत नाही. खांद्यावरच्या रुमालाखाली दोघं एकमेकांची बोटं दाबतात, भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. नाहीच जमलं, तरी कुणाची इज्जत जात नाही.

म्हणून टीव्हीवर अमेरिका-चीनची बातमी लागली, की आबांचं डोकं फिरायचं. अहो, एकानं मालावर जकात वाढवली की दुसरा त्याहून वाढवणार, आणि दोघंही ती जगाला ओरडून सांगणार! "बठ्ठा येडा शेतस, सगळेच येडे!" आबा म्हणायचे. "चारचौघांत आकडा बोलला, आता मागं सरेल कोण? आधी फोन कुणी करायचा, यावर अडून बसलेत. रुमाल पाठवा रे यांना कुणीतरी!"

नात दिपमाला भाकरी खाता खाता म्हणाली, "आबा, तुम्हीपण मगननानांचा भाव मोठ्यानंच बोलला होता ना?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. मगननाना म्हणजे त्यांचा जोडीदार दलाल, एका ताटात जेवणारा. अकरा वर्षांपूर्वी एका बैलजोडीवरून भांडण पेटलं, आणि आबांनी रागाच्या भरात नानांचा रुमालाखालचा आकडा भर बाजारात ओरडून सांगितला. लोक हसले. तेव्हापासून आबा लिंबाखाली, नाना हौदापाशी. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची चढाओढ जोरात, बोलणं बंद. अगदीच अडलं तर निरोप चहावाल्यामार्फत. आधी त्यानं बोलावं, ही दोघांचीही अट.

आणि आता नाना सूरतला मुलाकडे कायमचे निघाले होते. उद्याचा त्यांचा शेवटचा बाजार. आबांना एकदा जाऊन भेटायचं होतं, पण सांगतात कुणाला? अकड मेली फार वाईट!

दुसऱ्या दिवशी आबा लिंबाखालून उठले आणि सरळ हौदाकडे चालू लागले. सगळा बाजार बघत होता. नानांनी मान फिरवली. आबांनी हात पुढे केला आणि त्यावर रुमाल टाकला. दलालापुढे असा हात आला, की नुसतं उभं राहता येत नाही. रीतच आहे तशी. नानांचा हात रुमालाखाली गेला.

"अहो, पण बैल कुठंय?" कुणीतरी विचारलं.

आबांनी एकही बोट दाबलं नाही. सगळा पंजाच धरला. नानांनी हात ओढून पाहिला, मग सैल सोडला, मग इतका घट्ट धरला की आबांची अंगठी बोटात रुतली.

"मन्हं चुकनं, मगन," आबा मोठ्यानंच म्हणाले.

"हळू बोल रे," नाना डोळे पुसत म्हणाले. "बठ्ठा बाजार ऐकी राहिना."

संध्याकाळी बातम्या लागल्या. अमेरिका-चीनचं अजून जमलेलं नव्हतं. आबा आज त्यांना एक शब्द बोलले नाहीत.

"काय ठरलं नानांशी?" दिपमालानं विचारलं.

"रुमालाखालचं सांगायचं नसतं, बाई."

तिनं त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. रुमाल नव्हता. तो मगननानांच्या पिशवीत सूरतला निघाला होता.